मदत हवी आहे : मदेराला मे महिन्यात, अण्णांना घेऊन

नमस्कार मंडळी. द्राक्षांचा हंगाम एप्रिलपर्यंत आटोपतो, म्हणून मेमध्ये आठ दिवस पोर्तुगालच्या मदेरा बेटावर जायचं ठरवतोय. आम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी आणि बहात्तरीचे अण्णा. ज्वालामुखीचं बेट म्हटल्यावर अण्णांचा पहिला प्रश्न, "मातीत द्राक्ष येतं का?" येतं, आणि मदेरा वाइन तर जुनी प्रसिद्ध! त्यांना खरं बघायचेत ते लेवाडा, म्हणजे डोंगराच्या कडेनं पाणी नेणारे अरुंद पाट. गंगापूरच्या कालव्याशेजारी आयुष्य गेलेला माणूस, दुसरं काय बघणार!

आता अडचण. काही पाटांच्या कडेला वाट हातभर रुंद आणि खाली दरी, असं फोटोत दिसतं. अण्णांचा उजवा गुडघा दुखतो, उतरताना जास्तच. सपाट, कठडा असलेली लेवाडा वाट कुणी चाललंय का? पिको दो अरिएरो शिखरावर (१८१८ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा उंच) गाडी वरपर्यंत जाते, ते बरं. पण तिथून पिको रुइवो शिखराकडे जाणारी पायवाट आम्ही सोडूनच दिलीय.

मुक्काम राजधानी फुंशालमध्येच ठेवावा की दोन रात्री उत्तरेला पोर्तो मोनिझला, लाव्हाच्या खडकांतल्या तलावांपाशी? वाऱ्यामुळे मदेराच्या विमानतळावर विमानं कधी कधी उतरत नाहीत म्हणतात. परतीला लिस्बनमध्ये एक दिवस मोकळा ठेवू ना? आणि शाकाहारी अण्णांचं जेवण कसं जमवलंत? थालीपीठाची भाजणी बॅगेत असेलच.