मदत हवी आहे: भाड्याच्या फ्लॅटचा तोटा, जुनी करप्रणाली की नवी?

नमस्कार मंडळी. वाकडचा फ्लॅट महिना 22,000 रुपयांनी भाड्याने दिलाय. वर्षाचे 2,64,000. त्यातून भरलेली घरपट्टी 9,000 आणि उरलेल्यावर 30 टक्के वजावट गेली की राहतात 1,78,500. गृहकर्जाचं व्याज मात्र 3,90,000! म्हणजे तोटा 2,11,500. जुन्या प्रणालीत यातले 2 लाख पगारातून वजा होतात, उरलेले पुढची 8 वर्षं ओढता येतात. नव्यात पगाराला हातच लावता येत नाही. तरी आमचे सीए 'नवीच घ्या' म्हणून मोकळे झाले, हिशेब मांडलाच नाही.

खरी अडचण पुढे आहे. करारनाम्यात बायकोचंही नाव आहे, पण हप्ता माझ्याच खात्यातून जातो. मग निम्मं भाडं तिच्या रिटर्नमध्ये दाखवता येईल का? कोणी असं केलंय?