बर्मिंगहॅम नक्की कुणाचे? अलाबामाचे, ऑबर्नचे, की स्वतःचे?

हूव्हरकर (धागाकर्ता)

आपल्याकडे नव्या माणसाला 'मूळ गाव कोणते?' असे विचारून त्याची जागा ठरवली जाते, तसे अमेरिकेतील अलाबामा राज्यात राहायला आलेल्याला 'अलाबामा की ऑबर्न?' असे विचारतात, आणि 'कोणीच नाही' हे उत्तर फार दिवस चालवून घेतले जात नाही. मी बर्मिंगहॅमच्या दक्षिणेकडील हूव्हर या उपनगरात राहतो. माझी थोरली मुलगी टस्कलूसाला, म्हणजे अलाबामा विद्यापीठात शिकली आणि धाकटा मुलगा ऑबर्न विद्यापीठात आहे, त्यामुळे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी या दोन विद्यापीठांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना, म्हणजेच 'आयर्न बोल', सुरू झाला की आमच्या घरात जेवणाची ताटेसुद्धा वेगवेगळ्या खोल्यांत नेली जातात. हे सारे मी कौतुकानेच पाहत आलो. परंतु अलीकडे मला असे वाटू लागले आहे की या कौतुकाची किंमत बर्मिंगहॅम शहराने मोजली आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

या दोन विद्यापीठांपैकी एकही बर्मिंगहॅममध्ये नाही. टस्कलूसा येथून सुमारे नव्वद किलोमीटर नैऋत्येला आहे, तर ऑबर्न पावणेदोनशे किलोमीटर आग्नेयेला. तरीही सामन्याच्या नावातले लोखंड बर्मिंगहॅमचेच आहे, कारण लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी एकाच परिसरात सापडल्यामुळे १८७१ साली वसलेले हे शहर पोलादाच्या भट्ट्यांवर वाढले. दोन्ही संघ पहिल्यांदा भिडले ते फेब्रुवारी १८९३ मध्ये याच शहरात. १९०७ च्या सामन्यानंतर खेळाडूंचा खर्चभत्ता आणि पंचांची निवड अशा क्षुल्लक कारणांवरून संबंध तुटले, ते एक्केचाळीस वर्षे जुळले नाहीत. १९४८ साली सामना पुन्हा सुरू झाला, तेव्हा दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थी संघटनांच्या अध्यक्षांनी बर्मिंगहॅमच्या बागेत खड्डा खणून खरोखरीची कुऱ्हाड पुरली आणि वैर संपल्याचे जाहीर केले. (अलाबामाने तो सामना ५५-० असा जिंकला, त्यामुळे कुऱ्हाड पुरेशी खोल पुरली गेली नसावी.) तेव्हापासून १९८८ पर्यंत प्रत्येक आयर्न बोल बर्मिंगहॅमच्या लीजन फील्ड मैदानावर झाला, आणि त्यातील बहुतेक काळ तिकिटे दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी वाटली जात असल्यामुळे प्रेक्षागाराचे दोन उभे भाग पडत.

पुढे १९८९ मध्ये ऑबर्नने आपल्या वाट्याचा सामना आपल्या गावी नेला आणि १९९८ नंतर अलाबामानेही तेच केले. सामना गेला, हॉटेलांची गर्दी गेली. शहराकडे उरल्या त्या केवळ मोटारींच्या पाट्यांवरील निष्ठा. आणि ज्या एका विद्यापीठाचे घर खरोखर याच शहरात आहे, त्या यूएबीचा, म्हणजे अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील स्वतंत्र शाखेचा, फुटबॉल संघ डिसेंबर २०१४ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला, तोही संघ सहा विजय मिळवून वर्षअखेरच्या बोल सामन्यासाठी पात्र ठरलेला असताना. माझे म्हणणे असे आहे की दोन परगावच्या संघांनी ज्या शहराच्या निष्ठेवर इतकी वर्षे हक्क सांगितला, त्या शहराने आता ती निष्ठा दोघांकडूनही काढून घेऊन स्वतःच्या संघाला द्यावी.

टस्कलूसाचा माजी विद्यार्थी

हूव्हरकर, आपले लेखन आवडले. निष्कर्षाशी मात्र मी पूर्णपणे असहमत आहे. निष्ठा ही काही नगरपालिकेची घरपट्टी नव्हे की ती त्याच हद्दीत भरली पाहिजे. या राज्यात व्यावसायिक फुटबॉलच्या सर्वोच्च लीगचा एकही संघ नाही, म्हणून जे प्रेम इतर राज्यांत व्यावसायिक संघांना मिळते ते इथे विद्यापीठांना मिळाले. शिवाय अलाबामाचा संघ बर्मिंगहॅमला परका कधीच नव्हता. अनेक दशके आमच्या विद्यापीठाने दर हंगामातले काही महत्त्वाचे सामने टस्कलूसाऐवजी लीजन फील्डवर खेळले, आणि प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये आपला ३१५ वा विजय मिळवून त्या वेळचा विक्रम मोडला, तो ऑबर्नविरुद्ध, याच मैदानावर. त्यांचा काळ पाहिलेल्या बर्मिंगहॅमच्या माणसाला 'हा संघ तुमचा नाही' असे सांगून पाहा.

आता सामने गेले, हे खरे. पण ते का गेले, हेही सांगायला हवे होते. लीजन फील्ड १९२७ साली उघडलेले मैदान आहे. अलाबामा तिथे शेवटचा सामना २००३ मध्ये खेळला आणि त्यानंतर थोड्याच काळात वरचा मजला धोकादायक ठरल्यामुळे उतरवावा लागला. दुसरीकडे टस्कलूसाचे स्टेडियम वाढत वाढत २०१० मध्ये एक लाख प्रेक्षकांच्या पुढे गेले. भाड्याच्या जुन्या घरात कोण राहील?

यूएबीबद्दल मला सहानुभूती आहे. परंतु १९९१ साली सुरू झालेल्या संघाला त्या अवाढव्य जुन्या मैदानात प्रेक्षक मिळत नव्हते, ही वस्तुस्थिती आहे. ज्या संघाला शहराने स्वतःहून गर्दी केली नाही, त्या संघाच्या मरणाचे खापर टस्कलूसावर फोडणे मला न्याय्य वाटत नाही.

ऑबर्नवासी

वरील दोन्ही लेखांत 'निम्मी-निम्मी तिकिटे' आणि 'महत्त्वाचे सामने लीजन फील्डवर' ही वाक्ये शेजारीशेजारी ठेवून पाहावीत, म्हणजे आम्हाला काय सलत होते ते कळेल. ज्या मैदानावर एक संघ दरवर्षी आपले घरचे सामने खेळतो, तिथल्या हिरवळीचा उंचसखलपणा ज्याच्या पायांना ठाऊक आहे, त्याच मैदानाला 'तटस्थ' म्हणायचे आणि दुसऱ्या संघाने दुप्पट अंतर कापून तिथे यायचे, हा करार चाळीस वर्षे चालला. आमचे प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक पॅट डाय यांनी तो मोडला. २ डिसेंबर १९८९ रोजी अलाबामाचा संघ पहिल्यांदा ऑबर्नमध्ये खेळायला आला आणि आम्ही ३०-२० असे जिंकलो. त्या दिवशी रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून रडणाऱ्या प्रौढ माणसांच्या गोष्टी माझ्या सासऱ्यांकडून मी इतक्यांदा ऐकल्या आहेत की आता मीही तिथे होतो असे वाटते. आमच्यापुरते ते बर्मिंगहॅम सोडणे नव्हते, ते घर मिळणे होते. (धागाकर्त्यांची एक बाब थोडी सुधारतो: त्यानंतरही १९९१ चा आमचा यजमानपदाचा सामना बर्मिंगहॅममध्येच झाला होता. ऑबर्नला कायमचा मुक्काम १९९३ पासून.)

बर्मिंगहॅममध्ये ऑबर्नची माणसे कमी नाहीत. १९६० पर्यंत आमच्या संस्थेचे नाव अलाबामा पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट असे होते, शेती आणि अभियांत्रिकी हा तिचा कणा होता, आणि 'गुरांचे कॉलेज' म्हणून हिणवले जात असतानाच आमच्या माणसांनी या शहरातली अभियंत्यांची कार्यालये भरून काढली. मात्र हे शहर नेहमी किरमिजी रंगाचेच, म्हणजे अलाबामाच्या रंगाचेच, आहे असे गृहीत धरले जाते. ही मक्तेदारीची भावना कुठवर जाते, याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. २०१० च्या आयर्न बोलमध्ये अलाबामा २४-० असे पुढे असताना आम्ही २८-२७ असे जिंकलो, आणि पुढच्या जानेवारीत अलाबामाच्या एका चाहत्याने बर्मिंगहॅमहून प्रसारित होणाऱ्या पॉल फाइनबॉम यांच्या रेडिओ कार्यक्रमात फोन करून सांगितले की ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नरवरील जुन्या ओक वृक्षांना आपण विष घातले आहे. ते खरे निघाले. ती झाडे २०१३ मध्ये तोडावी लागली. मैदान टस्कलूसाचे नसले, ऑबर्नचे नसले, तरी भांडणाचा ध्वनिक्षेपक मात्र बर्मिंगहॅमचा, हे या शहराचे खरे स्थान आहे.

तेव्हा यूएबीला पाठिंबा द्यावा, जरूर द्यावा. पण 'दोघेही सारखेच दोषी' हा सूर मला मान्य नाही.

हूव्हरकर

१९९१ ची दुरुस्ती मान्य. झाडांच्या प्रकाराबद्दल अलाबामाच्या चाहत्यांनाही लाज वाटली होती, हे आमच्या घरी मी पाहिले आहे.

'शहराने गर्दी केली नाही' या मुद्द्याला मात्र उत्तर देणे भाग आहे. यूएबी १९६९ पासून स्वायत्त विद्यापीठ असले, तरी टस्कलूसा, बर्मिंगहॅम आणि हंट्सव्हिल या तिन्हींवर एकच विश्वस्त मंडळ आहे. विद्यापीठाच्या आवारात तीस हजारांचे आटोपशीर स्टेडियम बांधण्याचा प्रस्ताव २०११ मध्ये आला, तो याच मंडळाने पुढे जाऊ दिला नाही. एखाद्याला ओसाड वाड्यात दुकान मांडायला लावायचे आणि नंतर गिऱ्हाईक येत नाही म्हणून दुकानाला टाळे ठोकायचे, त्यातला हा प्रकार. फुटबॉलमध्ये अलाबामाचा संघ यूएबीशी आजवर एकदाही खेळलेला नाही, याचाही विचार व्हावा.

आणि टाळे ठोकल्यावर काय झाले? विद्यार्थी, माजी खेळाडू, बर्मिंगहॅमचे उद्योजक यांनी पैसे उभे केले आणि सहा महिन्यांच्या आत, जून २०१५ मध्ये, निर्णय फिरवावा लागला. प्रशिक्षक बिल क्लार्क दोन वर्षे सामन्यांविना थांबले, २०१७ मध्ये संघ मैदानात उतरला आणि २०१८ मध्ये त्याने आपल्या परिषदेचे, म्हणजे विद्यापीठ संघांच्या गटाचे, विजेतेपद मिळवले. २०२१ साली शहराच्या मध्यभागी सुमारे सत्तेचाळीस हजारांचे प्रोटेक्टिव्ह स्टेडियम उघडले, त्यात शहराचा पैसा आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांचे संघ भिडतात तेव्हा दोन्ही संघ गावातलेच असतात, त्यामुळे भांडण आणि गल्ला दोन्ही गावातच राहतात. बर्मिंगहॅमच्या वाट्याला गेली तीस वर्षे केवळ भांडण आले.

फाइव्ह पॉइंट्सवाली

मी यूएबीच्या रुग्णालयात नोकरी करते आणि शहराच्या हद्दीतच राहते, म्हणून थोडे वेगळे लिहिते. इथपर्यंतची सगळी चर्चा उपनगरांच्या खिडकीतून झाली आहे, असे मला नम्रपणे म्हणायचे आहे. खुद्द बर्मिंगहॅम शहराची लोकसंख्या सुमारे दोन लाख असून तिच्यात दोन तृतीयांशांहून अधिक लोक कृष्णवर्णीय आहेत. आपण ज्या १९४८ पासूनच्या सोनेरी काळाबद्दल बोलत आहात, त्यातली पहिली वीस वर्षे या दोन्ही विद्यापीठांच्या फुटबॉल संघांत शिष्यवृत्तीवर एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ऑबर्नने १९६९ मध्ये आणि अलाबामाने त्याच्या पुढच्या वर्षी तो पायंडा मोडला. सप्टेंबर १९७० मध्ये लीजन फील्डवर दक्षिण कॅलिफोर्नियाच्या संघाने, त्यातही सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने, अलाबामाला ४२-२१ असे धुऊन काढले, तेव्हा शहराच्या एका मोठ्या भागाला कोणत्या बाजूने आनंद झाला असेल, याची कल्पना करावी.

माझ्या विभागातल्या सहकाऱ्यांसाठी वर्षातला सर्वांत मोठा सामना नोव्हेंबरअखेरचा नसून ऑक्टोबरअखेरचा आहे. अलाबामा स्टेट आणि अलाबामा ए अँड एम या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांचा 'मॅजिक सिटी क्लासिक' आजही लीजन फील्डवरच होतो. त्या सकाळी मिरवणूक निघते, मैदानाबाहेर मैलभर शेगड्या पेटलेल्या असतात, दोन्ही विद्यापीठांची बँडपथके मध्यंतरात उतरली की खेळाडूंपेक्षा त्यांच्याकडे जास्त लक्ष असते, आणि हजारो लोक तर तिकीट न काढता केवळ बाहेरच्या गर्दीसाठी आलेले असतात. ते संघही माँटगोमेरीचे आणि हंट्सव्हिलचे आहेत, म्हणजे परगावचेच. पण त्यांनी आपला सामना या शहरातून नेला नाही. ज्या मैदानाला वर 'भाड्याचे जुने घर' म्हटले आहे, त्यात अजून माणसे राहतात.

म्हणून 'निष्ठा काढून स्वतःच्या संघाला द्यावी' हे वाक्य मला पोकळ वाटते. कुणाची निष्ठा? शहराने आपली निष्ठा फार पूर्वी आपल्या पद्धतीने वाटून टाकलेली आहे, तुमच्या प्रश्नात ती मोजलीच गेली नाही. आणि 'स्वतःचा' म्हणजे तरी काय? याच शहरातले बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज ३१ मे २०२४ रोजी पैशाअभावी बंद झाले, त्या दिवशी त्याचा बेसबॉल संघ ओहायोत राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात खेळत होता. कॉलेज उरले नाही तरी संघ खेळत राहिला. त्या मुलांसाठी इथे किती जणांनी पाट्या लावल्या होत्या?

हूव्हरकर

आपला आक्षेप मला लागला, आणि तो योग्य आहे. सोळा वर्षांत मी क्लासिकला एकदाही गेलेलो नाही, आणि 'शहर' असे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर हूव्हर आणि त्याच्या आसपासचे शेजारीच होते. 'दोघांकडूनही काढून घेऊन' हे शब्द मी मागे घेतो. यूएबीबद्दलचा आग्रह मात्र सोडत नाही, कारण एखादा संघ हातचा जाऊन परत मिळाल्यावर, बिल क्लार्क यांच्या निवृत्तीनंतरच्या पडत्या काळात तो पुन्हा रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळत राहिला, तर पुढच्या वेळी टाळे ठोकणाऱ्याला कारण आयते मिळेल. ज्यांना शक्य आहे त्यांनी या हंगामात एक तरी सामना पाहायला यावे, मी तिकिटे एकत्र काढतो.

टस्कलूसाचा माजी विद्यार्थी

माझे नाव लिहून ठेवावे. ऑक्टोबरअखेरच्या क्लासिकलाही कुणी सोबत नेणार असेल तर येईन, तोही मी पाहिलेला नाही. परंतु एक प्रामाणिकपणे सांगतो: यूएबीचा सामना शनिवारी आणि अलाबामाचाही शनिवारीच. दोन्हींच्या वेळा एकमेकींवर आल्या, तर मी चारपैकी तिसरे सत्र संपले की उठेन, आणि मग वाहनतळापर्यंत माझ्यासारखे किती जण चालत येतात, ते तुम्ही मोजा.