मॅच संपताच लॉबी मोडू नका: नऊ वर्षं खेळणाऱ्याचं एक मागणं

गस्तवाला

नऊ वर्षं एकच खेळ खेळतोय. पाच विरुद्ध पाच, नेमबाजीचा. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की त्या खेळाचे पाठीराखे आणि विरोधक धावून येतात आणि मुद्दा बाजूला पडतो. शिवाय हे एकाच खेळात झालेलं नाही.

तक्रार बंदुकांच्या ताकदीबद्दल नाही, नव्या मॅपबद्दल नाही, स्किन्सबद्दलही नाही. नेमबाजी आज जितकी नेटकी आहे तितकी पूर्वी कधीच नव्हती, हे आधी मान्य करतो. माझं दुखणं वेगळं आहे. या खेळात आता ओळखी होत नाहीत.

पूर्वी सर्व्हरची यादी असायची. सर्व्हरचं नाव, आत किती जण आहेत, पिंग (सर्व्हरशी बोलायला लागणारा वेळ, कमी तितका बरा) किती, एवढं दिसायचं. काउंटर-स्ट्राइक १९९९ मध्ये हाफ-लाइफ या खेळाचा मॉड (चाहत्यांनी केलेलं बदललेलं रूप) म्हणून आला तेव्हाही हीच रीत होती, आमच्या खेळानं तीच उचलली. कमी पिंगचे तीन-चार सर्व्हर ठरलेले, आणि तिथे रोज तीच माणसं.

त्यात एक जण होता, माइक कधीच लावायचा नाही. दारातून आत घुसायच्या आधी भिंतीवर दोनदा चाकू मारायचा. टक टक. तो आवाज आला की मी डावा कोपरा धरायचो, कारण तो उजवीकडे वळणार हे पक्कं. आम्ही हे कधी बोलून ठरवलं नव्हतं. दीड-दोनशे मॅच एकत्र खेळल्यावर ते अंगवळणी पडलं होतं.

चार वर्षांपूर्वीच्या एका अपडेटमध्ये यादी गेली आणि एकच बटण राहिलं, ‘खेळा’. दाबा, नऊ अनोळखी माणसं मिळवा, मॅच संपली की सगळे पांगले. परवा आम्ही ४-११ वरून १३-११ अशी मॅच काढली. शेवटच्या राउंडला मी एकटा बॉम्बकडे निघालो, तर मागच्या मुलानं न सांगता बरोबर हवा तिथे स्मोक, म्हणजे आडोशाचा धूर, टाकला. इतकं नीट कुणी मला वर्षभरात साथ दिली नव्हती. ‘पुढची पण एकत्र खेळू’ असं लिहायला घेतलं. ‘पुढची प’ पर्यंत आलो आणि स्क्रीन बदलली. त्याचं नावही वाचायचं राहून गेलं.

मागणं मोठं नाही. मॅच संपल्यावर लॉबी, म्हणजे सगळे खेळाडू एकत्र दिसतात ती स्क्रीन, एक मिनिट उघडी ठेवा आणि ‘एकत्र राहू’ असं एक बटण द्या. हेलो ३ मध्ये मॅचनंतरच्या लॉबीतूनच पार्टी, म्हणजे पुढच्या मॅचसाठी गट, करता यायची, आणि तो खेळ २००७ चा आहे. शिवीगाळीवर म्यूट आणि रिपोर्टपेक्षा हे जास्त लागू पडेल असं मला मनापासून वाटतं. उद्या पुन्हा तोंड दाखवायचं असेल तर माणूस जिभेला आवर घालतो.

रात्रपाळी

दादा, तुमच्या आठवणी खऱ्या आहेत, पण त्या ज्यांना रोज ठरलेल्या वेळी बसता येतं त्यांच्या आहेत. मी पहाटे तीनला घरी येतो. झोपायच्या आधी चाळीस मिनिटं हातात असतात. त्या वेळेला तुमच्या यादीतले सर्व्हर रिकामे असायचे, नाहीतर एखाद्या सर्व्हरवर तीन माणसं आणि बाकी बॉट, म्हणजे संगणकानं चालवलेले खेळाडू. ‘खेळा’ बटण आलं तेव्हा मी पहिल्यांदा रोज पूर्ण मॅच खेळू लागलो.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये हा वाद कधीचा चाललाय. डिसेंबर २००९ मध्ये डन्जन फाइंडर आला, म्हणजे डन्जन या सामूहिक मोहिमेसाठी आपोआप गट जमवणारी सोय. त्याआधी टँक (मार झेलणारा) आणि हीलर (जखमा भरणारा) मिळेपर्यंत चॅटमध्ये हाका मारत बसावं लागायचं, मग डन्जनपर्यंतचा प्रवास वेगळा. जुने लोक म्हणाले, फाइंडरनं माणुसकी घालवली. म्हणून २०२२ मध्ये त्याच काळातला खेळ क्लासिक रूपात आला तेव्हा फाइंडर मुद्दाम ठेवला नाही. २०२३ मध्ये तो आणावाच लागला. वेळ नसलेल्या माणसालाही खेळायचं असतं.

गस्तवाला

‘खेळा’ बटण काढा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. यादी परत आली तर मला आवडेल, पण तीही मागत नाहीये. मॅच सुरू व्हायच्या आधीचं सगळं तसंच राहू द्या, मी फक्त मॅच संपल्यानंतरच्या एका मिनिटाबद्दल बोलतोय.

शांत नेमबाज

मीही जुन्या सर्व्हरांवर खेळले आहे आणि मला ते दिवस परत नकोत.

‘रोज तीच माणसं’ हे तुम्हाला सुख होतं. माझा आवाज पहिल्यांदा माइकवर गेला त्या संध्याकाळपासून मलाही रोज तीच माणसं भेटायची. मी मेले की चौघं मिळून हसायचे, मी मारलं की ‘कुणाचा अकाउंट वापरतेस?’ असं विचारायचे. ॲडमिनकडे तक्रार केली, तर ॲडमिन त्यांच्याच गटातला. दोन दिवसांनी मलाच सर्व्हरवरून बॅन. कमी पिंगचा दुसरा सर्व्हर नव्हता, म्हणजे माझ्यापुरता खेळच बंद झाला.

उद्या पुन्हा भेटायचं म्हणून माणूस जिभेला आवर घालतो, हे ज्याला गटानं आपलं मानलंय त्याच्याबाबतीत खरं आहे. गटाबाहेरच्या माणसाला उद्या पुन्हा भेटायचं म्हणजे उद्या पुन्हा तेच ऐकायचं. आता वाईट टीम लागली तर अर्ध्या तासात ती माझ्या आयुष्यातून जाते. या अनोळखीपणानं मला खेळ परत दिला. लॉबी मिनिटभर उघडी ठेवा म्हणता, तेव्हा मला ते मिनिट शिव्या ऐकण्याचं मिनिट दिसतं.

आकडेमोड

गस्तवाल्यांच्या मागणीत एक अडचण आहे ती कुणी मांडली नाही म्हणून लिहितो.

एलो ही निकालांवरून खेळाडूची पातळी आकड्यात मांडायची पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं १९७० मध्ये स्वीकारली. तिथे पटाच्या दोन बाजूंना दोघंच असतात, निकालाचा मालक कोण हा प्रश्नच येत नाही. टीमच्या खेळात निकाल एक आणि वाटेकरी अनेक. मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स लाइव्हसाठी ट्रूस्किल ही पातळी मोजायची पद्धत केली, त्याचा अंदाज असा होता: एकास एक खेळात पातळी ओळखायला साधारण १२ मॅच पुरतात, चार-चारच्या दोन टीम असतील तर ४६ लागतात, आठ-आठच्या असतील तर ९१. आणि हे टीममधली माणसं बदलत राहिली तर. तुम्ही आणि तुमचा स्मोकवाला कायम एकत्रच खेळलात, तर जिंकण्यात कुणाचा वाटा किती हे गणिताला सांगताच येणार नाही. मग एक दिवस तो एकटा क्यूमध्ये, म्हणजे मॅच मिळायच्या रांगेत, येईल आणि तुमच्या जिवावर मिळालेल्या रँकवर चिरडला जाईल.

दुसरं, रांगेचे तुकडे. समजा एका भागात एका वेळी १२०० जण वाट बघताहेत. रँकचे सहा टप्पे केले की प्रत्येकी २००. दोन मोड केले की १००. आता एकटे आणि गट वेगळे ठेवा, म्हणजे ५०. पाच मॅच झाल्या, रांग संपली. रात्रपाळींच्या वेळेला १२०० सुद्धा नसतात.

नवशिक्या

तीन महिने झाले खेळतोय. काल समोर पाच जणांची जमलेली टीम होती, एकमेकांना नावानं हाका मारणारी. आम्ही पाच अनोळखी. १३-२. त्यांच्याकडून शिकावं इतकाही वेळ मिळाला नाही, कारण दिसायच्या आतच मरत होतो. ‘एकत्र राहू’ बटणामुळे अशा टीम वाढतील. गंमत त्यांची आणि मार आमचा.

गस्तवाला

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण शांत नेमबाज यांचं लिहिणं डोक्यातून जात नव्हतं. मी ज्या सर्व्हरांबद्दल इतक्या प्रेमानं लिहिलं, तिथून माणसं अशी हाकलली जात असतील आणि मला ते दिसलंही नसेल. आमच्याकडेही काही जण अचानक यायचे बंद झाले होते. का, हे मी कधी विचारलं नाही. जिभेला आवर घालण्याबद्दलचं माझं वाक्य मागे घेतो.

मागणं मात्र सोडत नाही, बदलतो. त्या मिनिटात व्हॉइस नको, चॅटही नको. म्हणजे मला जे लिहायचं होतं ते लिहिता येणार नाही, तरी चालेल. फक्त नावं दिसावीत आणि नावासमोर खूण करता यावी. दोघांनी एकमेकांसमोर खूण केली तरच जोडी लागेल. एकतर्फी खूण दुसऱ्याला कधीच कळणार नाही.

उलटा उपाय, म्हणजे नको त्याला टाळणं, कसा अंगाशी येतो ते ओव्हरवॉचमध्ये दिसलं होतं. २०१६ मध्ये तिथे खेळाडू टाळायची सोय होती. विडोमेकर हे लांबून नेम धरणारं पात्र खेळणाऱ्या एका फार चांगल्या खेळाडूला इतक्या जणांनी टाळलं की त्याला मॅच मिळायला कितीतरी वेळ लागू लागला. सोय त्याच वर्षी काढली, २०१८ मध्ये परत आणली तेव्हा मोजक्या जणांपुरती आणि फक्त टीममेट म्हणून टाळण्यासाठी. हवा त्याला धरून ठेवण्यात कुणा तिसऱ्याची रांग अडत नाही.

नवशिक्या, तुमच्यासाठी: जोडी दोघांचीच असावी, पाचांची नको. आकडेमोड, जोडीची प्रत्येक पाचवी मॅच सक्तीनं वेगवेगळी लावली तर तुमच्या गणिताला पुरेल का?

आकडेमोड

दोघांपुरतं असेल तर बरंच सोपं होतं. पाचवी की तिसरी, ते मोजून ठरवावं लागेल, पण वेगळं खेळायला लावणं हाच त्यावरचा मार्ग. जोड्यांची वेगळी रांग मात्र नको. समोरच्या टीममध्येही एक जोडी टाकावी, तेवढं पुरे.

शांत नेमबाज

एकतर्फी खूण कळणार नाही हे नक्की असेल तर माझा विरोध निम्मा उरतो. उरलेला निम्मा जोडी तोडण्याबद्दल. मी खूण काढली तर समोरच्याला तसा संदेश जाता कामा नये, त्याला नुसती नवी टीम लागावी. का सोडलं याचा जाब विचारणारे मी पाहिलेत.

गस्तवाला

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मान्य. खेळाच्या टीमला पाठवायच्या मसुद्यात तुमचंच वाक्य घालतो.

रात्रपाळी

माझंही एक वाक्य घाला. लॉबी सोडायचं बटण पहिल्या सेकंदापासून चालू ठेवा. मग मिनिट ठेवा नाहीतर दोन ठेवा, माझी हरकत नाही.