सुझदलचे सण: गावाचे की पाहुण्यांचे?

नदीकाठ:
मॉस्कोपासून सव्वादोनशे किलोमीटरवर, कामेन्का नदीकाठी सुझदल आहे. वस्ती जेमतेम नऊ-दहा हजार, पण चर्च आणि मठ गल्लोगल्ली. जुलैत तिथे काकडी महोत्सव भरतो. तो 2001 पासूनचा, तरी पाहुण्यांना तो 'जुनी परंपरा' वाटतो आणि कुणी खुलासा करत नाही. मला जास्त खुपते ती मास्लेनित्साची गत. ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपासाच्या तोंडावरचा हा आठवडा. मांस बंद झालेलं, दूध-लोणी-अंडी अजून चालतात, म्हणून घरोघरी ब्लिनी, म्हणजे पातळ धिरडी. शेवटच्या रविवारी एकमेकांची क्षमा मागायची आणि उपासाला लागायचं. पाहुण्याला मात्र धिरडी मिळतात, पेंढ्याची बाहुली जळताना दिसते, की निघाला मॉस्कोला. ज्यासाठी सण होता तेच वगळलं, तर हा निव्वळ देखावा आहे.

अनुराधा_पी:
अजिबात पटलं नाही. क्षमेचा रविवार चर्चमध्ये आजही पाळतात, सहलीच्या पत्रकात तो छापत नाहीत एवढंच. आणि बाहुली जाळणं चर्चचं कधीच नव्हतं, ते शेतकऱ्यांचं. सोव्हिएत काळात, साठच्या दशकात, सरकारने हाच सण धर्म गाळून 'रशियन हिवाळ्याला निरोप' या नावाने चौकाचौकात करवला. तुमच्या मते तोही देखावाच. पण धिरडी, बाहुली, बर्फातले खेळ त्यातून पुढच्या पिढीपर्यंत पोचले. शुद्ध रूपासाठी अडून बसले असते तर आज हातात काय असतं?

रानवाटा:
नदीकाठ, सुझदल पाहुण्यांवाचून उभंच राहिलं नसतं. 1862 मध्ये मॉस्को–निझ्नी नोव्हगोरोद रेल्वे जवळच्या व्लादिमीर शहरावरून गेली, सुझदल बाजूला पडलं. मोठे कारखाने आले नाहीत, म्हणून जुनं गाव वाचलं. 1967 मध्ये सरकारने ठरवून त्याचं पर्यटनकेंद्र करायला घेतलं, 1992 मध्ये व्लादिमीर-सुझदलची पांढऱ्या दगडातली स्मारकं जागतिक वारशाच्या यादीत गेली. काकडी महोत्सव भरतो ते लाकडी वास्तूंचं संग्रहालयच बघा: तिथलं 1756 चं चर्च मूळचं कोझ्ल्यात्येवो गावचं. उतरवून इथे आणून पुन्हा उभं केलं. त्याला खोटं म्हणणार का?

नदीकाठ:
नाही म्हणणार. पण त्या चर्चचं गाव आणि साल उघड सांगितलं जातं. सणांबाबत तेवढाच प्रामाणिकपणा मागतोय. पर्यटनामुळे भिंती वाचल्या हे मान्य, त्याने सणाचा अर्थ वाचला असं होत नाही. अनुराधाताई, पुढच्या पिढीपर्यंत धिरडं पोचलं. ते का खायचं, हे किती जणांपर्यंत पोचलं?

धुळाक्षर:
पाळीव हंसांच्या (इंग्रजीत 'गूज') झुंजींबद्दल कुणीच बोलत नाहीये. हिवाळा सरता सरता तिथे नर हंस एकमेकांवर सोडतात आणि भोवती गर्दी जमते. जुनी प्रथा पुन्हा सुरू केली म्हणून कौतुक होतं. मान धरू देत नाहीत, इजा फारशी होत नाही, असं सांगतात. तरी करमणुकीसाठी प्राणी झुंजवणं मला मान्य नाही, मग ती प्रथा कितीही जुनी असो. जुनेपणा हा निकष धरून चाललेला हा सगळा वादच मला चुकीचा वाटतो.

मेतकूट:
धुळाक्षर यांच्याशी सहमत, आणि काकडीसाठीही तेच म्हणेन. महोत्सव नवा आहे, काकडी नवी नाही. सुझदलची माणसं पिढ्यान्‌पिढ्या परसात काकड्या लावतात, शेपू, लसूण, हॉर्सरॅडिशची पानं घालून मिठाच्या पाण्यात मुरवतात. जुलैत वेल भरात असतो, म्हणून महोत्सव जुलैत. त्या दिवशी घरच्या बरण्या विकून एखाद्या आजींना चार रुबल मिळत असतील, तर नदीकाठ, तुमच्या प्रामाणिकपणाच्या मागणीइतकंच मला तेही महत्त्वाचं वाटतं. मला काळजी वेगळीच आहे: परसातल्या जमिनीवर पाहुण्यांसाठी खोल्या बांधणंच जास्त परवडू लागलं, तर काकडी लावणार कोण?