मदत हवी आहे : रुग्णवाहिकेवरून प्रथमोपचाराच्या वर्गाकडे

सप्रेम नमस्कार. गेली अकरा वर्षे मी नाशिक जिल्ह्यात एका खासगी रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक म्हणून काम करत आहे. कंबरेच्या दुखण्यामुळे स्ट्रेचर उचलणे आता झेपत नाही, म्हणून गावोगावी प्रथमोपचाराचे वर्ग घ्यावेत, असे ठरवले आहे.

गेल्या पावसाळ्यात सर्पदंश झालेल्या एका शेतमजुराच्या पोटरीवर नायलॉनची दोरी इतकी करकचून आवळलेली होती, की आम्ही पोहोचेपर्यंत त्याचे पाऊल काळेनिळे पडले होते. दोरी न बांधता, पाय हलू न देता रुग्णालय गाठावे, एवढेही घरातल्या कुणाला ठाऊक नव्हते.

माझी खरी अडचण सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर हातांनी दाब देणे, शिकवण्याची आहे. मिनिटाला 100 ते 120 वेळा आणि 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब द्यायचा, हे फळ्यावर लिहिता येते. पण उशीवर सराव करून हाताला त्या खोलीचा अंदाज येत नाही (आणि उशी फाटते, ते वेगळेच). सरावाचा पुतळा भाड्याने कुठे मिळतो का? प्रशिक्षक म्हणून प्रमाणपत्र घ्यायचे झाल्यास सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे घ्यावे की अमेरिकन हार्ट असोसिएशनचे, आणि या दोन प्रमाणपत्रांपैकी कोणते ग्रामपंचायती व कारखाने ग्राह्य धरतात?

अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास संरक्षण देणाऱ्या, मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 134 अ ची सोप्या मराठीतील माहिती कुणाकडे असल्यास तीही कृपया पाठवावी. पोलिसांच्या भीतीचा प्रश्न प्रत्येक गावात हमखास निघतो.