‘ओव्याची पानं’ म्हणजे नेमकी कुठली?

प्रश्न: बागेत आधीच लावलेली तीन रोपं आहेत, पाटी कशालाच नाही. एकाची पानं जाड, लवदार, चुरगळली की ओव्याचा घमघमाट. हेच का ओव्याचं झाड? दुसऱ्याला तुळशीसारख्या मंजिऱ्या, पण वास बडीशेपेकडे झुकणारा. तिसऱ्याची पानं कोथिंबिरीसारखी कातरलेली, अजून फुलं नाहीत. आणि ‘हर्ब’ला मराठीत काय म्हणावं?

– पहिला पानओवा, शास्त्रीय नाव कोलियस ॲम्बोइनिकस. ज्याचे दाणे ओवा म्हणून वापरतात ते झाड निराळं: शेपूसारखी बारीक पानं, छत्रीसारखे फुलोरे, कूळ कोथिंबीर-जिऱ्याचं. पानओवा मात्र तुळस-पुदिन्याच्या कुळातला. वास जुळतो तो थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल या भावंडद्रव्यांमुळे. थाईम, ओरेगॅनोतही तीच असतात, म्हणून पानओवा ‘ओरेगॅनो’ म्हणूनही खपतो. त्याच्या जागी चालेल, पण हात आखडता ठेवा. पान रसाळ आणि उग्र असतं.

– दुसरा सब्जा असावा. सब्जा म्हटलं की पाण्यात फुगणारं काळं बी आठवतं आणि बेसिल म्हटलं की हिरवं पान, पण झाड एकच: ओसिमम बॅसिलिकम. पूजेची तुळस ओसिमम टेन्युइफ्लोरम, तिचा वास लवंगेच्या अंगाने जातो. भाषांतरित पाककृतींत बेसिलला सरसकट ‘तुळस’ लिहितात आणि मग पदार्थाची चव भलतीकडे जाते. सब्ज्याची पानं गॅस बंद करताना हातानं तोडून घाला, शिजवली की वास उडतो. फ्रिजमध्ये काळी पडतात, त्यापेक्षा देठ पाण्यात बुडवून बाहेर ठेवा.

– तिसऱ्याचं नाव नक्की होईपर्यंत पान तोंडात घालू नका. ‘चाखून बघ’ हा सल्ला इथे सपशेल चुकीचा. कोथिंबिरीच्या कुळात गाजर, पार्सली आहेत आणि हेमलॉकसारखं जीवघेणं विषही. हेमलॉकचा दांडा गुळगुळीत, पोकळ, बहुधा जांभळ्या ठिपक्यांचा, वास उंदरांच्या घाणीसारखा. पण ठिपके दिसले नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका. फुलं पांढरी आली तरी निकाल लागत नाही, कारण कोथिंबीर आणि हेमलॉक दोन्हींची फुलं पांढरीच. पिवळी आली तर शेपू किंवा बडीशेपेची शक्यता धरता येते, खात्री नव्हे. जाणकाराला अख्खं रोप दाखवा, नुसता पानाचा फोटो पुरत नाही. आणि पानओव्याला लावलेला हात धुतल्याशिवाय याचा वास घेऊ नका, सगळंच ओव्यासारखं वाटेल.

– चौकोनी दांडा आणि समोरासमोर पानं दिसली की बहुधा तुळस-पुदिन्याचं कूळ. कुळाचा अंदाज आला एवढंच. खायचं की नाही हे त्यावरून ठरत नाही.

– ‘हर्ब’बद्दल: ‘वनौषधी’ म्हटलं की काढा डोळ्यासमोर येतो. वनस्पतिशास्त्रात हर्ब म्हणजे रोपटं, खोड न लाकडावणारं. त्या अर्थानं रोझमेरी हर्ब नाहीच, ते झुडूप. स्वयंपाकापुरतं ‘सुगंधी पानं’ पुरे आहे.

– ‘स्वादपर्णी’ हा शब्द कसा वाटतो?

– आयुर्वेदिक टूथपेस्टसारखा. त्यापेक्षा नाव घेऊन सांगावं: पानओवा, सब्जा, पुदिना. मरवाही आहेच की, ओरेगॅनोचा सख्खा भाऊ, आणि त्याला परका शब्द शोधावा लागत नाही.