हप्ते संपले, निवृत्तीला चौदा महिने उरले : काटकसर कुठे ठेवावी आणि कुठे सोडावी?

सातपूरकर

नमस्कार. मी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ऑक्टोबर १९९६ पासून कामाला आहे. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वयाची ५८ वर्षे पूर्ण होऊन निवृत्त होईन. गेल्या अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फेडला, आणि त्याआधी दोन महिने एका पतसंस्थेचे कर्जही संपले. पतसंस्थेचे कर्ज मी स्वतःसाठी काढलेले नव्हते. २०१४ साली एका जवळच्या नातेवाइकाला जामीन राहिलो, त्याचा धंदा बसला आणि वसुली माझ्या पगारावर आली. घराचे ११,२०० आणि पतसंस्थेचे ५,४०० असे दरमहा १६,६०० रुपये इतकी वर्षे आमच्या डोळ्यांसमोरून निघून जात होते.

या काळात आम्ही अत्यंत जपून राहिलो. माझी पत्नी रोज रात्री ओटा पुसून झाला की दोनशे पानी वहीत त्या दिवसाचा खर्च लिहिते. कोथिंबिरीची जुडी आणि रिक्षाचे वीस रुपयेसुद्धा त्यात असतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचे खाडे मांडलेले असतात, आणि महिनाअखेरीस दूधवाल्याशी हिशेब करताना एका खाड्याचाही घोळ होत नाही. त्या वह्यांवरून आमच्या दोघांचा महिन्याचा खर्च १५,८०० रुपये आहे, हे मी खात्रीने सांगू शकतो. मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि त्याचे त्याचे व्यवस्थित चालले आहे.

भविष्य निर्वाह निधीत आज सुमारे १९ लाख रुपये आहेत. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २७,३०० रुपये होतात. याखेरीज शिल्लक काहीच नाही, कारण जे उरले ते कर्जात गेले. माझे प्रश्न असे आहेत. आता मोकळे झालेले १६,६०० रुपये या चौदा महिन्यांत कुठे ठेवावेत? निवृत्तीनंतर हातात येणारी रक्कम कशी ठेवावी, कारण एक परिचित पतसंस्थेत दोन टक्के जास्त व्याज मिळते असे सांगत आहेत आणि मुलगा शेअर बाजाराचे सुचवतो आहे? तिसरा प्रश्न पैशांपेक्षा अवघड आहे. हप्ते संपले तरी पत्नी काही सोडायला तयार नाही. तिची एक दाढ वर्षभर दुखते आहे. दातांच्या डॉक्टरांनी रूट कॅनॉल आणि कॅप सांगितली होती. ‘काढून टाकली तर पाचशेत भागेल’ असे ती म्हणते. पैसे असताना तिला असे म्हणताना ऐकले की मला फार वाईट वाटते.

आस्थापना विभाग

मी चिंचवडच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षे आस्थापना विभागात काम केले आणि शेकडो कामगारांचे निवृत्तीचे कागद हाताखालून गेले, म्हणून आकड्यांपासून सुरुवात करतो.

आपली पेन्शन, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची रक्कम, पगारावर धरली जाईल अशी पुष्कळांची समजूत असते आणि निवृत्तीच्या महिन्यात त्यांना धक्का बसतो. पेन्शनयोग्य वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० असे सूत्र आहे. पण जादा वेतनावरील पेन्शनचा पर्याय घेतलेला नसेल तर वेतनाची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे आणि त्यापूर्वीच्या सेवेला ६,५०० चीच धरतात. आपली पहिली अठरा वर्षे त्या जुन्या मर्यादेत आणि शेवटची बारा वर्षे नव्या मर्यादेत येतील. वीस वर्षांहून अधिक सेवेबद्दल मिळणारी दोन वर्षांची भर धरूनही पेन्शन साडेचार हजारांच्या आसपास बसेल. ती महागाईबरोबर वाढत नाही. आपल्या पश्चात पत्नीला या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळेल, हेही आजच दोघांनी बसून समजून घ्यावे.

कोणी आपल्याला सांगेल की पेन्शन ६० व्या वर्षापर्यंत लांबवा, वर्षाला चार टक्के वाढते. हिशेब करून पाहा. दोन वर्षांत १,०८,००० रुपये सोडायचे आणि त्याबदल्यात महिन्याला ३६० रुपये जास्त मिळवायचे. सोडलेले भरून यायला पंचवीस वर्षे, म्हणजे वयाचे ८५ वे वर्ष उजाडेल. आपल्या परिस्थितीत ५८ व्या वर्षीच पेन्शन सुरू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर मिळते : २७,३०० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ३० वर्षे, म्हणजे ४,७२,५०० रुपये. निधीतील रक्कम तोपर्यंत एकवीस लाखांच्या पुढे जाईल. यांतील २० लाख रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर आजच्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ४१,००० रुपये येतील आणि खाते उघडतानाचा दर पाच वर्षे बदलणार नाही. ही योजना साठीनंतरची आहे हे खरे, परंतु ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडता येते, आणि त्यासाठी कारखान्याचे निवृत्तीचे प्रमाणपत्र लागते. ही तीन महिन्यांची मुदत चुकवलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना साठीपर्यंत थांबावे लागले आणि तेवढ्या काळात रक्कम नातेवाइकांच्या गरजांमध्ये वाटली गेली. व्याजाचे महिन्याला सुमारे १३,६०० आणि पेन्शनचे साडेचार हजार मिळून १८,१०० होतात. आपला खर्च १५,८०० आहे. अकरा वर्षे वही लिहिली म्हणून आज हा हिशेब आपल्याला इतक्या नेमकेपणाने मांडता येतो.

राहिले चौदा महिने. पहिले चार महिने मोकळी झालेली रक्कम बँकेत साध्या खात्यात किंवा छोट्या मुदत ठेवींत टाकून साठपासष्ट हजारांची गंगाजळी उभी करावी, कारण आज आपल्याजवळ अडीअडचणीला काहीच नाही. त्यानंतर दहाबारा हजार रुपये भविष्य निर्वाह निधीत ऐच्छिक वर्गणी म्हणून वाढवावेत. २०२४-२५ साठी निधीचे व्याज ८.२५ टक्के होते. अनेक कारखान्यांत ही वर्गणी फक्त एप्रिलमध्ये बदलता येते, तेव्हा आपल्या वेळ कार्यालयात (टाइम ऑफिसात) आधी विचारून घ्यावे.

आणि एक कळकळीची विनंती. पासबुकातील नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख आधारकार्डाशी या आठवड्यातच ताडून पाहावी. आपल्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेली असे, आधारवर दुसरीच तारीख असते, आणि निवृत्तीनंतर पेन्शनचा १०-डी अर्ज भरायला गेले की सारे अडते. नोकरीत असताना ही दुरुस्ती मालकामार्फत सहज होते. नोकरी सुटल्यावर त्यासाठी महिनोन्‌महिने खेटे घालणारे वृद्ध सहकारी मला अजूनही आठवतात.

गोदाकाठ

पतसंस्थेच्या दोन टक्के जास्त व्याजाबद्दल एवढेच सांगतो की बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. चांगल्या चाललेल्या पतसंस्था आहेतच, पण निवृत्तीची पुंजी तिथे ठेवू नये.

शेअर बाजाराविषयी मात्र आपल्या मुलाचे म्हणणे पूर्ण बाजूला सारू नका. महागाई सहा टक्क्यांनी वाढली तर आजचे १५,८०० बारा वर्षांनी दुप्पट होतात. तेव्हा आपण सत्तरीत असाल, आणि व्याज व पेन्शन मात्र जवळपास आहे तिथेच असेल. ज्येष्ठ नागरिक योजनेतील वीस लाख वगळून उरलेल्या पाचसहा लाखांतील थोडा भाग, दहा वर्षे हात न लावण्याच्या तयारीने, निर्देशांकावर आधारित म्युच्युअल फंडात टाकायला हरकत नाही. तब्येत साथ देत असेल तर साठबासष्टपर्यंत अर्धवेळ काम करावे. सातपुरात हाताला अनुभव असलेल्या माणसाला कोणी ना कोणी बोलावतेच.

निवृत्त परिचारिका

दादा, मी आपल्या पत्नीच्या दाढेविषयीच लिहिणार आहे, कारण चौतीस वर्षे मी रुग्णालयात हेच पाहत आले. घरात कर्ज असते तेव्हा बाई सर्वांत आधी स्वतःचे दुखणे मागे टाकते. पुढे कर्ज फिटते, पण तिची ती सवय फिटत नाही. दाढ काढली की खर्च थांबतो असे वाटते. प्रत्यक्षात शेजारचे दात त्या जागेकडे कलतात, वरचा दात खाली येतो, एका बाजूने चावणे सुरू होते, आणि काही वर्षांत पूल किंवा कवळी लावायची वेळ येते. वाचवता येण्यासारखी दाढ वाचवणे हीच यातली खरी काटकसर आहे. हे तिला असेच, खर्चाच्या भाषेत सांगा. ‘तू स्वतःसाठी खर्च कर’ असे सांगून ती ऐकणार नाही. ‘आज सातआठ हजार घातले तर पुढचे तीस हजार वाचतील’ हे तिला पटेल, कारण ती वही लिहिणारी बाई आहे.

माझ्या आईचे उदाहरण देते. गिरणी बंद पडल्यावर आमच्या घरात आठ वर्षे ओढाताण होती. ती संपल्यावरही आई चष्म्याची मोडलेली काडी दोऱ्याने बांधून वापरत राहिली. नंबर बदललेला होता, हे आम्हांला ती जिन्यावरून पडली तेव्हा कळले. खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झाले, आणि त्यानंतर ती पूर्वीसारखी चाललीच नाही. मी स्वतः परिचारिका असून माझे तिकडे लक्ष गेले नाही, याचे मला आजही दुःख आहे. म्हणून सांगते, निवृत्तीपूर्वी दोघांचे डोळे, दात, रक्तदाब आणि साखर एकदा नीट तपासून घ्या.

आरोग्य विमा आजच घ्या, निवृत्तीनंतर नको. आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ असू शकतो, आणि तो काळ आपण नोकरीत असतानाच चालू झालेला बरा. मुलाच्या कंपनीच्या विम्यात आईवडील असतील तर उत्तमच, पण तो विमा त्याच्या नोकरीबरोबर संपतो. आपल्या शिधापत्रिकेवर दोघांची नावे बरोबर आहेत का तेही पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात, आणि ऐन वेळी नावातल्या चुकीमुळे धावपळ करणारे नातेवाईक मी फार पाहिले आहेत.

मिरजकर

सर्वांनी पैशांचे लिहिले आहे, मी घराच्या कागदांचे लिहितो. शेवटचा हप्ता गेला म्हणजे घर मोकळे झाले असे नाही. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आणि बोजा उतरवणे हे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँकेवर बंधनकारक आहे, आणि १ डिसेंबर २०२३ पासून विलंबाबद्दल दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे. कागद ताब्यात घेताना बँकेने सुरुवातीला दिलेली यादी समोर ठेवून पान न् पान मोजा. मूळ खरेदीखत आणि नोंदणीची पावती विशेषतः पाहा. त्यानंतर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत किंवा मिळकत पत्रिकेवर बँकेचा बोजा अजून दिसतो का ते पाहून, दिसत असल्यास बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला) जोडून तो कमी करण्याचा अर्ज करा. माझ्या काकांनी हे केले नाही. ते गेल्यावर फिटलेल्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर तसाच निघाला, आणि ज्या शाखेने कर्ज दिले ती शाखाच तोवर दुसरीकडे विलीन झालेली होती.

जामीनकीबद्दल एक विचारतो. मूळ कर्जदाराकडून आपण भरलेली रक्कम वसूल करण्याचा जामीनदाराला कायद्याने हक्क असतो. नात्यामुळे आपण तो वापरला नसेल तर मी समजू शकतो, परंतु पतसंस्थेकडून आपण भरलेल्या प्रत्येक रकमेचा उतारा आणि ‘जामीनदाराने कर्ज फेडले’ असे लेखी पत्र तरी जरूर घेऊन ठेवा.

सातपूरकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि इतके सविस्तर लिहिलेत, मी मनापासून आभारी आहे. काल रात्री परिचारिका ताईंचा प्रतिसाद मी पत्नीला मोठ्याने वाचून दाखवला. आईंच्या चष्म्याच्या काडीपर्यंत आलो तेव्हा ती काही बोलली नाही. नंतर वहीचे शेवटचे पान उलटून तिने ‘दवाखाना’ असा वेगळा रकाना आखला आणि त्यात महिन्याला दोन हजार रुपये लिहिले. दातांच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली आहे.

मिरजकर साहेब, मूळ खरेदीखत बँकेने अजून दिलेले नाही आणि कर्ज फिटून तीन महिन्यांच्या वर झाले आहेत. हा नियम मला ठाऊक नव्हता. लेखी अर्ज करून त्याची पोच घेतो. नातेवाइकाकडे पैसे मागण्याचे मन होत नाही, कारण त्याची मुले अजून लहान आहेत. पतसंस्थेचे पत्र मात्र घेईन.

आस्थापना विभाग यांना एक विचारायचे आहे. आपण सांगितल्याप्रमाणे पासबुक पाहिले. जन्मतारीख जुळते, पण वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेले आहे : ‘पांडुरंग’चे ‘पांडूरग’ झाले आहे. वडील २००९ मध्येच गेले. या दुरुस्तीला माझा शाळा सोडल्याचा दाखला पुरेल का, की वडिलांच्या नावाचा आणखी काही पुरावा लागेल? सोमवारी पहिली पाळी सुटली की मी वेळ कार्यालयात जाणार आहे. त्याआधी कळले तर कागद बरोबर नेता येतील.